ज्या माणसाची किळस येते त्याच्यावर दया कशी करायची?

वॉर्डसिस्टर

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

मी परिचारिका आहे, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात. सध्या आमच्याकडे एक रुग्ण आहे. दारूने यकृत गेलंय, पोटात पाणी झालंय, पाय सुजलेत. हा माणूस मला सहन होत नाही. आजाराच्या घाणीमुळे नव्हे, ती इतकी वर्षं काढत आले की आता त्याचं काही वाटत नाही. सहन होत नाही तो त्याचा स्वभाव. बायको दिवसभर खाटेशेजारी बसून असते. तिच्या हातावर जुने वण आहेत. याने नुसता हात वर केला, उशी सरकवायला का होईना, की ती अंग चोरते. तिला स्वतःला ते कळतही नसावं. आणि तो तिच्याशी ज्या आवाजात बोलतो, तो आवाज मी घरी गेले तरी कानातून जात नाही.

(ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही, काही तपशील बदलले आहेत.)

माझ्या कामात कुठे कसूर नाही. तो आला तेव्हा दारू सुटल्यामुळे हात थरथरत होते, घामाने अंग भिजलेलं, भिंतीवर किडे दिसत होते. तेव्हा ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, गेलंय ना, हे मी स्वतः पाहिलं. ते चुकलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दर दोन तासांनी कूस बदलते, माकडहाड आणि टाचा तपासते, तोंड स्वच्छ करते. लॅक्ट्युलोज चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या औषधाने जुलाब होतात आणि ते व्हावेच लागतात. शरीरातला अमोनिया त्या वाटेने बाहेर पडला नाही तर रुग्णाला भ्रम होतो, गुंगी चढते. म्हणजे चादर पुन्हा पुन्हा बदलायची. तीही बदलते. चार्टवर कोणी बोट ठेवू शकणार नाही.

पण चार्टवर न दिसणारं बरंच आहे. बाकीच्या रुग्णांना हात लावण्याआधी मी सांगते, "काका, आता डाव्या कुशीवर घेते हं." याला न बोलता वळवते. बाकीच्यांना नावाने हाक मारते, हा माझ्या तोंडी खाट नंबर आहे. परवा रात्री त्याने विचारलं, "सिस्टर, मी मरणार का?" मी म्हटलं, "सकाळी डॉक्टरांना विचारा." उत्तर तसं चुकीचं नाही. पण तो घाबरलाय हे पाहून मला आत कुठेतरी बरं वाटलं. कळू दे याला भीती म्हणजे काय ते, असं वाटलं. हे लिहिण्याचं खरं कारण ते बरं वाटणं आहे.

ड्यूटीवरून आल्यावर मी एकेक खाट डोळ्यांसमोर आणून प्रार्थना करते. त्याच्या खाटेपाशी आले की पुढच्या खाटेवर जाते.

लूकच्या १८व्या अध्यायातला दाखला मला पाठ आहे. स्वतःला नीतिमान समजणाऱ्या आणि इतरांना तुच्छ मानणाऱ्यांना तो सांगितला, हे पहिल्याच ओळीत आहे. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो की मी या जकातदारासारखा नाही. वाचताना मला नेहमी त्या परूश्याचा राग यायचा. पण आता मन म्हणतं, त्या जकातदाराने बायकोला मारलं नव्हतं! माझा तिटकारा त्या बाईच्या बाजूने आहे. मी त्याच्याशी मऊ वागले तर तिच्याशी बेइमानी होईल का? संदेष्टेसुद्धा जुलूम करणाऱ्यांवर कडाडलेच ना? की हे सगळं मी माझ्या तुच्छतेला चांगले कपडे घालण्यासाठी म्हणतेय?

आणि मनात हे असं असताना हात जी सेवा करतात तिला दया म्हणायचं, की ढोंग?

एक विनंती आहे. "तोही देवाचं लेकरू आहे" एवढंच लिहू नका. ते मला माहीत आहे. पहाटे त्याची चादर बदलताना त्या माहितीचा उपयोग होत नाही.

---

निवृत्त पाळक

सिस्टर, सलाम. तुम्ही लूक काढलात, मला योना संदेष्टा आठवला.

योना गालीलातल्या गथ-हेफेरचा, दुसऱ्या यराबामाच्या काळातला, म्हणजे इसवी सनपूर्व आठव्या शतकातला. त्याला देवाने पाठवलं निनवेला, अश्शूरच्या मोठ्या शहरात. टायग्रिसच्या काठी, आजच्या मोसुलजवळ. हे अश्शूरी लोक कोण, तर शत्रूंची कातडी सोलल्याची, मुंडक्यांचे ढीग रचल्याची वर्णनं स्वतःच्या शिलालेखांत अभिमानाने कोरणाऱ्या राजांचे लोक. पुढे इसवी सनपूर्व ७२२च्या सुमारास याच अश्शूरने इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन घेतलं आणि योनाच्या देशातली माणसं हाकलून नेली. तेव्हा योनाचा तिटकारा उगाच नव्हता. तुमचाही नाही. हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे उपदेश करणारे बहुधा तिटकारा बिनबुडाचा ठरवून मोकळे होतात.

आता तुमच्याशी जुळणारी गोष्ट पाहा. योना आधी पळाला खरा, पण शेवटी त्याने काम केलं. निनवेत गेला, जे सांगायचं ते सांगितलं. त्याच्याही चार्टवर बोट ठेवता येणार नाही. मग देवाने शहर वाचवलं तेव्हा त्याला राग आला. शहराचं पुढे काय होतं ते बघायला तो पूर्वेला मांडव घालून बसला. चौथ्या अध्यायात तो देवाला तोंडावर सांगतो, तू कृपाळू आहेस, कनवाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो. देव दयाळू आहे हीच त्याची तक्रार! बायबलमधल्या सगळ्या तक्रारींत मला ही सर्वांत प्रामाणिक वाटते.

तुम्ही विचारता, मऊ वागले तर बेइमानी होईल का. देवाने निनवेचे अपराध कुठे लहान करून सांगितले? पुस्तकाची सुरुवातच त्यांची दुष्टाई माझ्यापर्यंत पोचली इथून होते. तिसऱ्या अध्यायात त्यांचा राजाच फर्मान काढतो की प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा. जुलमाला जुलूम म्हटलं गेलं आणि मग दया आली. जुलूम झाकून आलेली दया त्या पुस्तकात नाही.

राग आणि तुच्छता यांत मी असा फरक करतो. रागाला अजून वाटत असतं की या माणसाने वळावं. तुच्छतेने ती वाट पाहणं सोडलेलं असतं. संदेष्टे कडाडले ते रागाने. "वळा, वळा, का मरता?" असं यहेज्केल ओरडतो. तुम्हाला हा माणूस वळावा असं वाटतं का, एवढंच स्वतःला विचारा. वाटत असेल तर तुमचा राग देवाच्या कामाचा आहे.

आणखी एक, मग थांबतो. देव योनाला सावली म्हणून एक वेल उगवतो आणि ती दुसऱ्या दिवशी सुकते, त्या प्रसंगात देव योनाला म्हणतो की जिच्यासाठी तू श्रम केले नाहीस, जी तू वाढवली नाहीस, तिची तुला कीव आली. मग या मोठ्या शहराची मला येऊ नये? १ लाख २० हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं. म्हणजे जिथे श्रम केले तिथे कळवळा यायला हवा, असं देव धरून चालतो. तुम्ही या माणसासाठी श्रम करताय, दर दोन तासांनी. योनापेक्षा तुम्ही देवाच्या जवळ उभ्या आहात. कळवळा आलेला नाही, पण तो ज्या वाटेने येतो ती वाट तुम्ही सोडलेली नाही.

प्रार्थनेत त्याची खाट ओलांडू नका. "प्रभो, याला वळव" एवढंच म्हणा. त्याहून जास्त तुम्हाला आज खरेपणाने म्हणता येणार नाही, आणि खोटं म्हणायची गरजही नाही.

---

रात्रपाळी

मीही याच पेशातली. पाळकसाहेबांचा मान राखून वेगळं बोलते.

सिस्टर, मनात काय चाललंय ते इतकं उकरू नका. त्याने आपण पुन्हा स्वतःभोवतीच फिरतो आणि रुग्ण बाजूला राहतो. लूकमधल्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला पाहून शोमरोन्याला कळवळा आला हे एका शब्दात सांगून झालंय, पण त्याने काय केलं त्याची यादी मोठी आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि पुढे गेला. हो, गेला. उरलेलं काम दुसऱ्यावर सोपवलं आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. आपली पाळी संपते तशी त्याचीही संपली. रोमकरांस पत्रातही वैरी भुकेला असेल तर खायला घाल एवढंच सांगितलंय. तो आवडायला हवा असं नाही.

पण तुम्ही जे सांगितलंत, न बोलता वळवणं, नंबराने बोलणं, त्या भावना नाहीतच. त्या कृती आहेत, तेव्हा त्या उद्यापासून बदलता येतात. मन बदलायची वाट बघायला नको. नाव घ्या. हात लावण्याआधी सांगा. "मी मरणार का" असं रात्री कोणी विचारतं तेव्हा त्याला रिपोर्ट नको असतो. "भीती वाटतेय का?" असं उलट विचारा आणि थोडं थांबा. मी तेवढंच करते, कुणाच्याही बाबतीत.

आणि हेही लक्षात असू द्या की यकृताच्या रुग्णाची चिडचिड काही अंशी अमोनियाचीही असते. या दिवसांतल्या तोंडावरून माणूस पूर्ण जोखू नये. बायकोचं अंग चोरणं मात्र जुनं आहे, त्याला अमोनिया कारण नाही. ते तुम्ही बरोबर ओळखलंत.

अगदीच झेपत नसेल तर इन्चार्जला सांगून काही दिवस खाटा बदलून घ्या. रुग्णाचं त्यात भलंच होईल.

---

त्या खाटेवरचा

हे वाचून दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. मी त्या खाटेवर पडलेलो माणूस आहे. तुमच्या वॉर्डातला नव्हे, पण तसाच. पोटातलं पाणी सुईने काढून घेतलंय, भिंतीवरचे किडे बघितलेत. आणि मीही घरात हात उचललेला आहे. हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

सिस्टर, कोण तुच्छ मानतं ते पडल्या पडल्या कळतं. उपचारात फरक नसतो. फरक असतो तो अंगावरून वाकून पलीकडच्या मदतनिसाशी बोलण्यात. आपण तिथे नाहीच असं.

पण त्याचा परिणाम तुम्हाला वाटतो तसा होत नाही. तुम्हाला वाटलं, कळू दे याला भीती. भीतीने मला काही शिकवलं नाही. आणि तुच्छतेने तर माझं काम सोपं करून टाकलं. मी म्हणायचो, यांनी माझा निकाल लावलाय, मग मी कशाला काही ठरवू? घरच्यांचा निकाल, डॉक्टरांचा निकाल, मंडळीचा म्हणजे चर्चचा निकाल. सगळे आधीच निघून गेले होते, मग मला कोणासमोर उभं राहायची गरज उरली नव्हती. मला शरम वाटली ती वेगळ्या वेळी. एक परिचारिका माझा पाय उशीवर ठेवत होत्या. ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमच्या बायकोला तुमची भीती वाटते. मला दिसतं ते. टाच अशी अधांतरी राहू द्या, दुखणार नाही." दोन्ही एकाच आवाजात. त्यांनी माझं काही झाकलं नाही आणि पायही सोडला नाही. मी त्यांना शिवी दिली. त्यांनी दुसरा पाय उचलला.

लगेच सुधारलो असं सांगत नाही. त्यानंतरही प्यालो. सुटायला बराच काळ लागला आणि त्यात इतर पुष्कळ गोष्टी होत्या. बायको परत आली नाही. तिचं बरोबर आहे, मीही आता तसंच म्हणतो. पण मी देवासमोर पहिल्यांदा खरं बोललो तेव्हा डोळ्यांसमोर ते वाक्य होतं.

तेव्हा माझ्यासारख्याशी गोड बोलू नका. गोड बोललेलं आम्हाला वापरून घेता येतं, आम्ही त्यात पटाईत असतो. खरं बोला, आणि बोलताना पाय सोडू नका.

---

लेकीची आई

वरचं उत्तर मी सावकाश वाचलं. त्यांनी शेवटी बायकोचं बरोबर आहे म्हटलं म्हणून पुढे वाचू शकले.

मी त्या खाटेशेजारी बसणारी होते. सिस्टर, तुमच्या प्रश्नातला एक भाग मला वेगळा काढायचाय. त्या माणसाने तुमचं काही वाईट केलेलं नाही. म्हणजे त्याला क्षमा करणं हे तुमचं काम नाहीच. तो हक्क तिचा आहे, आणि कधी, कशी, करायची की नाही, हे तिचं आणि प्रभूचं आहे. तुमच्यासमोर दयेचा प्रश्न आहे, तो वेगळा. हे दोन एकत्र झाले की काय होतं ते मी भोगलंय. माझ्याकडे मंडळीतली माणसं मत्तयचा १८वा अध्याय घेऊन आली होती. क्षमा सातदाच नव्हे, साताच्या सत्तरपट. त्याच अध्यायात थोडं वर, १५व्या वचनापासून, अपराध करणाऱ्याला त्याचा अपराध दाखव, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग, असं लिहिलंय. ते कोणी वाचलं नाही. मला सत्तरपट सांगायला आलेल्यांपैकी एकही जण त्याच्याकडे गेला नाही.

आणि पुढच्या त्या निर्दय चाकराच्या दाखल्यात, ज्याला स्वतःचं दहा हजार तालांतांचं देणं माफ होतं पण जो सोबतीला सोडत नाही, त्या सोबत्याचं शंभर दीनारांचं देणं आहे ना? एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. दहा हजार तालांतांपुढे ते काहीच नाही, कारण एकेक तालांतच सुमारे ६,००० दीनारांचा. पण कष्ट करणाऱ्याला शंभर दिवस म्हणजे चिल्लर नव्हे. प्रभूने ते देणं शून्य धरलं नाही. मला हे समजलं तेव्हा मी त्या वचनांवर पुन्हा विश्वास ठेवू शकले.

तुम्ही त्याच्याशी नीट वागलात तर तिच्याशी बेइमानी होत नाही. तिला "आता तो आजारी आहे, माफ करून टाका" म्हणालात तर होते.

---

शास्त्री नव्हे, वाचक

शोमरोन्याचा दाखला वर आलाय म्हणून एक गोष्ट जोडतो. ती दाखल्याच्या बाहेर आहे, म्हणून सहसा निसटते.

दाखला लूकच्या १०व्या अध्यायात आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात प्रभू यरुशलेमकडे निघालेत आणि वाटेवरचं शोमरोन्यांचं एक गाव त्यांना उतरू देत नाही. याकोब आणि योहान हे शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा करू का? प्रभू वळून त्यांनाच धमकावतात आणि सगळे दुसऱ्या गावी जातात. त्या गावाने नंतर माफी मागितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात, दाखल्यातला भला माणूस कोण निवडावा हे प्रभूंच्या हातात असताना, ते शोमरोनी निवडतात. यहुदी आणि शोमरोन्यांचं वैर खोटं नव्हतं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्त्याने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात पाडलं होतं. प्रभूंच्या बालपणाच्या काळात काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात हाडं टाकल्याचं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. दोन्हीकडे जखमा होत्या.

दाखला ज्याला सांगितला त्या शास्त्र्याला शेवटी विचारलं जातं, शेजारी कोण ठरला? तो "शोमरोनी" म्हणत नाही. "ज्याने दया केली तो" म्हणतो. सिस्टर, तुम्ही खाट नंबर म्हणता ते वाचून मला हा शास्त्री आठवला. म्हणून रात्रपाळी यांचा नाव घेण्याचा सल्ला दिसतो त्याहून मोठा आहे असं मला वाटतं.

आत्मपरीक्षणाबद्दलही थोडं. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी रोजच्या परीक्षणाचा जो क्रम घालून दिला त्यात आधी उपकारस्मरण आहे, मग प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने पाहणं, मग क्षमायाचना आणि पुढचा निश्चय. मला त्यातला तासातासाने हा भाग उपयोगी पडतो. "मी कसा माणूस आहे" असं विचारलं की मी एकतर स्वतःला झोडपतो नाहीतर सोडून देतो. "दुपारी चार वाजता मी काय बोललो" याला उत्तर असतं. उपकारस्मरणाबाबत मात्र सावध राहा, परूश्यानेही आभारच मानले होते. त्याच्या आभारात देवाने त्याला काय दिलं ते नाही, तो स्वतः काय नाही आणि काय काय करतो एवढंच आहे. तुमच्या बाबतीत मी असं विचारेन, आज त्या रुग्णाकडून मला काय मिळालं? हा प्रश्न अवघड आहे. पण ज्याच्याकडून काही घ्यायला आपण तयार नाही, त्याला आपण वरूनच देत असतो.

---

वॉर्डसिस्टर

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, वॉर्ड भरलेला आहे.

रात्रपाळी ताईंचं पहिल्यांदा ऐकलं, कारण ते करण्यासारखं होतं. नाव घेतलं, वळवण्याआधी सांगितलं. तो म्हणाला, "सांगता कशाला, करा काय करायचं ते." बर्फ वितळला वगैरे काही झालं नाही. आणि मला राग आला तेव्हा कळलं की मी मनात बदल्यात काहीतरी मागत होते, निदान नरम नजर. पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं. तो काही बोलला नाही.

वाचक, तुमचा प्रश्न मला पहिल्यांदा बिनकामाचा वाटला. याच्याकडून मला काय मिळणार? पण तासातासाने पाहायला बसले तेव्हा एक गोष्ट दिसली. त्याला कुशीवर घेताना तो पलीकडच्या कठड्याला धरून स्वतःचं वजन ओढून घेतो. त्या सुजलेल्या अंगाने. माझ्या कमरेवर भार येऊ नये म्हणून की पडायच्या भीतीने, ते मला माहीत नाही. पण तो आला त्या आठवड्यापासून ते करतोय आणि माझी पाठ त्यामुळे वाचली आहे. इतक्या वेळा वळवलं, पण मी हे पाहिलं नव्हतं.

पाळकसाहेब, तो वळावा असं मला वाटतं का, याला आज मी हो म्हणू शकत नाही. "याला वळव" म्हणते, पण म्हणताना मनात असतं, म्हणजे ती सुटेल. त्याच्यासाठी अजून मागत नाही. तिच्यासाठी मागताना तो मध्ये येतो एवढंच. तुम्ही म्हणालात खोटं म्हणू नका, म्हणून आहे तसं लिहिलं. आणि श्रमातून कळवळा येतो हे तुमचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. आमच्या पेशात श्रमातून बधिरपणाही येतो. नुसते श्रम पुरत नाहीत, पाहावंही लागतं असं मला वाटतं.

खाटेवरच्या भाऊंनी जे लिहिलंय ते मी पुन्हा वाचणार आहे. खरं बोला आणि पाय सोडू नका. बोलायला मी तयार आहे. पण एका गोष्टीची भीती वाटते म्हणून लेकीच्या आईंना विचारते. मी त्याला "तुमच्या बायकोला तुमची भीती वाटते" म्हणाले, आणि तो घरी गेल्यावर त्याने तिलाच धारेवर धरलं तर? तू सिस्टरला काय सांगितलंस म्हणून?

---

लेकीची आई

धरेल. म्हणून आधी त्याच्याशी बोलू नका, आधी तिच्याशी बोला. भाऊंच्या बाबतीत ते चाललं असेल, प्रत्येक घरी चालत नाही.

तो सोनोग्राफीला किंवा तपासणीला गेला असेल तेव्हा तिला बाजूला घ्या. सासरचं कोणी बरोबर असेल तर तेव्हाही नको. गोल गोल बोलू नका. "घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का? कोणी मारतं का?" असं सरळ विचारा. मला इतक्या वर्षांत कोणी सरळ विचारलं नव्हतं. ती नाही म्हणाली तर वाद घालू नका. "कधीही सांगावंसं वाटलं तर मी इथे आहे" एवढं म्हणा. मी पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. ती हो म्हणाली तर काय करायचं ते तिला ठरवू द्या. रुग्णालयात समाजसेविका असतील तर त्यांची भेट तिला विचारून घालून द्या. नंबर लिहिलेला कागद तिच्या पिशवीत ठेवू नका, तो सापडतो. पाठ करून घेता आला तर बघा.

आणि ती त्याची सेवा करताना दिसली म्हणून तिने माफ केलंय असं समजू नका. पुष्कळदा ती भीतीच असते. तो घरी जाण्याआधी हे बोलणं व्हायला हवं, कारण आजारपणात तो खाटेला बांधलेला असतो आणि तिला तेवढीच उसंत असते. त्याच्याशी काय आणि किती बोलायचं ते तिला विचारून ठरवा. ती नको म्हणाली तर त्याच्याशी दुसऱ्या खऱ्या गोष्टी बोला. दारूबद्दल बोला, मरणाबद्दल बोला. त्याने विचारलंच आहे ना तुम्हाला.